उरलेलं दूध

"दूध वाया जाईल, काका. या," मी दारातून सांगितलं.

"मग वाया कशाला घालवायचं?" म्हणत वॉचमनकाका खुर्चीवरून उठले. काचेची भांडी धुणाऱ्या मावशी आधीच येऊन बसल्या होत्या आणि सुनेवर घसरल्या होत्या. मी पातेलं चढवलं.

हे आमचं रोजचं. मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. काही प्रथिनांना फॉस्फेटचं शेपूट असतं. पेशीतली बरीच कामं त्या शेपटावर चालू-बंद होतात, म्हणून साहेबांना नेमकी तीच प्रथिनं हवी असतात. हजारोंतून ती वेचायची, तर लँथॅनम नावाच्या दुर्मिळ धातूच्या क्षाराचं पाणी घालायचं. त्याचे आयन फॉस्फेटला धरतात, नळीत पांढरट गढूळ होतं, यंत्रात गरगरा फिरवलं की साका तळाशी बसतो. वरचं ओतून द्यायचं. रुग्णांचे नमुने मोलाचे, म्हणून सगळं ठीक चाललंय ना, हे आधी दुधावर बघायचं. दुधातल्या केसीन या प्रथिनाला अशी शेपटं भरपूर असतात. दूध लागतं थेंबभर, पिशवी येते अर्ध्या लिटरची. उरलेल्याचा चहा मी बाहेरच्या खोलीत करते.

खरं सांगायचं तर मला माणसांना बोलवताच येत नाही. "या, बसू जरा" म्हणायला गेलं की जीभ जड होते. लोकांनी मला केव्हाच माणूसघाणी ठरवून टाकलंय. आई गेल्यापासून घरी बोलायचं तरी कुणाशी? भाऊ रविवारी फोन करतो, "काय चाललंय?" विचारतो, मी "चाललंय" म्हणते, की झालं. पण "दूध वाया जाईल" एवढं मला म्हणता येतं. तेवढ्यावर माझं भागत होतं.

मग नवे साहेब आले. तरुण, हुशार, बोलायला गोड. बैठकीत म्हणाले, "आपण अजून दूध कशाला वापरतोय? शुद्ध केसीनची बाटली मिळते की." मग माझ्याकडे वळले. "मॅडम, इतकी वर्षं हे तुम्हीच करताय. तुम्ही म्हणाल तसं."

दूधच बरं म्हटलं असतं, तर दूध राहिलं असतं. पण दुधात सुटं फॉस्फेटही असतं आणि धातू त्यालाही धरतो. साका दिसतो भरघोस, त्यात प्रथिन किती आणि नुसता क्षार किती, देव जाणे. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. आणि कामात खोटं बोलणं मला जमत नाही.

"बाटली बरी," मी म्हटलं. "दुधाचा साका फसवतो."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही."

सगळे हसले, साहेबही हसले. मला साहेबांचा भयंकर राग आला. वाईट हे, की त्यांची काही चूक नव्हती.

बाटली आली. तिला नाव ठेवायला जागा नव्हती. चार वाजता मावशी इतर बायकांबरोबर कँटीनला निघाल्या. "तुमच्याही मागची कटकट गेली हो," जाता जाता म्हणाल्या. काका दाराशी खुर्चीवर होतेच, पण त्यांना काय म्हणून हाक मारायची? मी स्वच्छ ओट्यावरून फडकं फिरवत बसले. त्या आठवड्यात एकदा घरी मी मोठ्याने पेपर वाचून पाहिला, नुसता आवाज व्हावा म्हणून. मग माझं मलाच हसू आलं, आणि त्यानंतर बराच वेळ रडू आलं.

सोमवारी येताना दुकानातून दुधाची पिशवी घेतली. चार वाजता ती फ्रिजमधून काढली आणि हातात धरूनच दाराशी गेले.

"काका, दूध उरलंय. वाया जाईल."

काकांनी पिशवीकडे पाहिलं. मग मीही पाहिलं. चारही कोपरे शाबूत होते. घाईत ती फोडायचीच राहिली होती. आणि केसीनच्या बाटलीचं खोकं फाटकावरून आत आणून देणारे हेच काका. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पन्नाशी उलटलेली बाई, आणि चहाला माणूस मिळावा म्हणून थापा मारतेय. आता हे हसतील, मावशींना सांगतील, मावशी कँटीनभर करतील.

काका उठले. माझ्या हातातून पिशवी घेतली आणि चहाच्या खोलीत गेले. खणातून कात्री शोधून त्यांनी कोपरा कापला, दूध पातेल्यात ओतलं आणि रिकामी पिशवी नीट घडी करून टोपलीत टाकली.

"बरंच उरलंय की, ताई," ते म्हणाले.

कप धुतलेलेच होते. मी ते पुन्हा धुवायला घेतले.