गव्हाणीतला रुमाल

जूनमध्ये शाळेचा माईक बिघडला आणि हरिताला आवाज सापडला.

त्याआधी तीन वर्षं ती शेवटच्या रांगेत उभी राहून नुसते ओठ हलवायची. प्रार्थनेत ओठ, समूहगीतात ओठ, बाईंनी प्रश्न विचारला तरी ओठच. त्या दिवशी सुविचार वाचायची पाळी तिच्यावर आली, माईक खर्र करून मेला, आणि आता होईल ते होवो म्हणून ती जी सुटली ती थेट सायकल स्टँडपर्यंत ऐकू गेली. तिथला वॉचमन डुलकीतून उठून सलाम ठोकून उभा राहिला. मुख्याध्यापिका सिस्टर अमलोर्पवम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हे इतके दिवस कुठे ठेवलं होतंस?"

तेव्हापासून हरिता थांबली नव्हती. तंजावूरकडच्या मराठी घरात मराठीत, शाळेत तमिळमध्ये, आणि राग आला की दोन्हीची मिसळ करून ती बोलत होती. वरुणराव, म्हणजे तिचे अप्पा, कचेरीतून आले की आधी कानात कापूस घालून मग चपला काढतात असं तिची आई सांगायची. ते खोटं होतं, पण फार खोटं नव्हतं.

अशा मुलीच्या नावाची चिठ्ठी निघाली म्हटल्यावर नववी ब-ने बाकं वाजवली.

चिठ्ठी कुडिलची होती. डिसेंबरात, नाताळची सुट्टी लागायच्या दिवशी, प्रत्येक वर्ग कुडिल मांडतो. कुडिल म्हणजे येशूच्या जन्माचा गोठा: वर गवताचं छप्पर, खाली मेरी, योसेफ, मेंढ्या, उंटावरून आलेले तीन राजे आणि मधोमध गव्हाण. अकरा वाजता परीक्षक येतात. चिठ्ठीत जिचं नाव निघेल ती मुलगी आपल्या वर्गाच्या वतीने दोन मिनिटं बोलते. पहिला आलेला गोठा शाळेच्या फाटकाशी नेऊन मांडतात, आणि तीन वाजता तीच मुलगी चॅपेलमधून बाळ येशूला दोन्ही हातांवर घेऊन येते नि त्या गोठ्यात ठेवते. सगळा रस्ता बघतो. टाउन बस हळू होतात. कंडक्टर शिट्टी वाजवायचा विसरतो.

हरिताला ते फाटक हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, तिने ते वाटूनही टाकलं होतं. फुलवालीला सांगून झालं, बसच्या कंडक्टरला सांगून झालं, आणि तिरुवैयारुच्या अंबुजा आत्याला तर फोनवर सांगितलं, "आत्या, तीनला ये. फाटकाशीच उभी रहा, आत यायची गरजच नाही." आत्याने आळीतल्या आणखी चौघींना तयार केलं.

अडचण एकच होती. या वर्गाचा गोठा अकरा वाजेपर्यंत कधी उभाच राहिला नव्हता. सहावीत छप्पर शेळीने खाल्लं. सातवीत बाकांचा डोलारा कोसळला आणि तीन राजांपैकी दोनच उरले. आठवीत दिव्यांच्या माळेने कापसाच्या बर्फाला चटका दिला, तेव्हा इतिहासाच्या बाईंनी अख्खी बादली ओतली, योसेफसकट सगळ्यांवर. परीक्षकांनी या मुलींचा गोठा पाहिला नव्हता आणि या मुलींनीही परीक्षणाच्या वेळचा गोठा पाहिला नव्हता. दुसऱ्या वर्गात डोकावायला सक्त मनाई. त्यांना ठाऊक होता तो फक्त फाटकावरचा, तीननंतरचा, बाळासकट.

"यंदा पायऱ्या करायच्या," हरिताने जाहीर केलं.

"गोठ्याला पायऱ्या?" आरोक्यमेरीने विचारलं. ही हरिताची जिवलग. हिच्या घरी पाच पिढ्यांपासून नाताळचा तारा लागतो, आणि वर्गाच्या मूर्तींची पेटी हिच्याच ताब्यात असते.

"नवरात्रात आमच्याकडे कोलू असतो तसा. पायऱ्या रचायच्या, वर अप्पांचं पांढरं वेष्टी, धोतर गं, अंथरायचं, वर सगळ्या जगाच्या बाहुल्या. देव जन्मला तर बघायला गाव नको यायला? तुमचे आपले तीन राजे आणि चार मेंढ्या. एवढ्या लोकांत तर आमच्याकडे बारसंही होत नाही."

आरोक्यमेरीने विचार केला. "राजे आता दोनच आहेत," ती म्हणाली. "चालेल गं, डी. गाव आण."

हरिताने गाव आणलं. आत्याच्या कोलूतल्या बाहुल्या दोन खोक्यांत घालून, मांडीवर धरून, टाउन बसने आणल्या. पाच पायऱ्या झाल्या, कारण पायऱ्या विषमच लागतात. खालच्या पायरीवर ढेरपोट्या चेट्टियार आपलं धान्याचं दुकान मांडून बसला. त्याच्या शेजारी नादस्वरवाल्यांचं पथक, क्रिकेटचे अकरा खेळाडू, भाजीवाली आणि मान हलवणारी तंजावूरची नर्तकी. गेलेल्या राजाच्या जागी व्यंकोजीराजांसारखी दिसणारी फेटेवाली बाहुली चढली. तिला उंट नव्हता म्हणून हत्ती दिला. सगळ्यात वर गवताच्या छपराखाली मेरी, योसेफ, बैल, गाढव. शेळी जवळपास नाही याची दोघींनी जाऊन खात्री केली.

साडेदहाला कॉयरची घंटा झाली. वर्गातल्या चर्चला जाणाऱ्या सगळ्याच मुली गाणाऱ्या, त्या पळाल्या. जाता जाता आरोक्यमेरी म्हणाली, "बाकी सगळं झालंय. कशाला हात लावू नको."

हात लावायचा नव्हताच. फक्त मोजायचं होतं. हरिताच्या घरची रीत अशी की कोलूपुढे दिवा लावण्याआधी घरातल्या मुलीने प्रत्येक पायरी मोजायची. एकही जागा रिकामी राहता कामा नये. बाहुली फुटली तर तिथे फळ ठेवायचं, फळ नसेल तर सुपारी, पण रिकामं नाही. रिकाम्या जागेकडे बघत नऊ दिवस कोण बसेल, असं आत्या म्हणायची.

हरिता खालून मोजत वर गेली आणि गव्हाणीपाशी थांबली.

गव्हाणीत गवत होतं. बाकी काही नव्हतं.

तिने गवत उचकलं. चॅपेलमधून येतं ते फाटकाचं बाळ वेगळं, वर्गाच्या पेटीत वर्गाचं छोटं बाळ असायलाच हवं, म्हणून पेटी उलटी केली. बाकांखाली वाकून पाहिलं. मग पुन्हा गवत. राजा हरवला ते ठीक, पण या वर्गाने आता देवच हरवला होता. गव्हाणीच्या एका बाजूला मेरी गुडघे टेकून, हात जोडून, त्या रिकाम्या गवताकडे केवढ्या मायेने बघत होती. हरिताला ते बघवेना.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"दहा बावन्न," मागून कोणीतरी म्हणालं.

खोक्याच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, एक जण उरला होता. वडाच्या पानावर पहुडलेला, पायाचा अंगठा चोखणारा बाळकृष्ण. निळा आणि गुबगुबीत. हरिताने त्याला पानावरून सोडवला, गव्हाणीत निजवला, आणि निळेपणा डोळ्यात भरू नये म्हणून आपला पांढरा रुमाल हनुवटीपर्यंत पांघरला. बाळ अगदी मापात बसलं. मेरी आता त्याच्याकडे बघत होती, आणि खरं सांगायचं तर, फार खूश दिसत होती.

अकरा वाजता सिस्टर अमलोर्पवम आल्या, बरोबर चित्रकलेच्या भागीरथी टीचर हातात वही घेऊन. हरिताने श्वास घेतला आणि सुटली.

"सिस्टर, टीचर, वणक्कम. बाळ जन्मलं ही बातमी आधी कोणाला कळते? शेजाऱ्यांना. म्हणून चेट्टियार दुकान उघडं टाकून आलाय, बघा, तराजूसुद्धा हातातच आहे. ही भाजीवाली बाळंतिणीसाठी शेवग्याचा पाला घेऊन आलीय. क्रिकेटवाल्यांनी सामना थांबवला, बारावा गडी दिसत नाही कारण तो मुलगा की मुलगी विचारायला पुढे गेलाय. आणि ही नर्तकी मघापासून मान हलवून सांगतेय की हो, हो, खरंच जन्मलाय."

भागीरथी टीचर हसल्या. वहीत काहीतरी लिहिलं गेलं, आणि ते बरंच मोठं होतं. हरिताला फाटक दिसायला लागलं. तिला बसही दिसली, हळू होणारी.

तेवढ्यात खिडकीत आरोक्यमेरी दिसली, कॉयरहून परतलेली. तिने वरच्या पायरीकडे पाहिलं आणि तिचा जबडा खाली आला. तिने हातांचा पाळणा करून हलवला, मग पाळण्यातून काहीतरी उचलून बाहेर फेकल्यासारखं केलं, मग तीन बोटं दाखवली. हरिताला वाटलं, बाळ झकास, पहिल्या तिनांत नक्की. तिने खिडकीकडे बघून मान डोलावली. आरोक्यमेरीने कपाळ खिडकीच्या गजांवर टेकलं.

सिस्टर वाकल्या. चष्मा पुसून पुन्हा वाकल्या. "हरिता, बाळ आत्ताच आलं?"

"हो, सिस्टर."

"बाकी कुठल्याच वर्गात अजून आलेलं नाही. तीन वाजता यायचंय ना? तोवर गव्हाण रिकामी असते. आपण वाट बघतो. त्या वाट बघण्यालाच तर महिनाभर मेणबत्त्या लावल्या." त्यांचा आवाज मऊ होता, आणि त्यामुळेच जास्त लागला. "सूचनाफलकावर आहे. नियम चार. ज्या वर्गाने बाळ आधी ठेवलं तो बाद."

सूचनाफलक हरिताने वाचला होता. नियम एक ते तीन. चौथ्यापर्यंत जाण्याइतका दम तिला नव्हता, तिला फुलवालीला बातमी द्यायची होती.

 पंख्याची कटकट ऐकू आली. हरिताचे ओठ हलले आणि काहीच बाहेर आलं नाही. जूनच्या आधीची ती शेवटची रांग तिला अगदी पाठीशी येऊन उभी राहिल्यासारखी वाटली: ये, इथे तुझी जागा आहे, नुसते ओठ हलव.

नर्तकीची मान अजून हलत होती. हो, हो.

"सिस्टर," हरिता म्हणाली. आवाज आधी चिरका आला, मग नीट लागला. "मला माहीत नव्हतं. मला वाटलं, आमच्या वर्गाने बाळ हरवलं. आम्ही सगळंच हरवतो ना. आणि आमच्या घरी मांडणीत जागा रिकामी ठेवत नाहीत. ही आई हात जोडून नुसत्या गवताकडे बघत बसली होती, मला ते सहन होईना. म्हणून आत्याच्या खोक्यातून ह्याला आणला. ह्याला गोठ्याची सवय आहे, सिस्टर. हाही जन्मल्या जन्मल्या दुसऱ्यांच्या घरी, गाईगुरांतच वाढला. आणि तो काही तिथे राहणार नाहीय. टाउन बसमध्ये खिडकीतून आपण रुमाल टाकतो ना सीटवर, तसा तो फक्त जागा धरून पडलाय. तुमचं बाळ आलं की उठेल."

सिस्टरनी दोन बोटांनी रुमाल किंचित खाली केला. निळा बाळकृष्ण अंगठा चोखत त्यांच्याकडे बघत होता.

सिस्टर अमलोर्पवम हसतात हे शाळेला माहीत होतं, पण त्या कशा हसतात हे कोणी पाहिलं नव्हतं. आधी खांदे हलले. मग चष्मा घसरला. मग त्यांनी भागीरथी टीचरांचा दंड धरला आणि "रुमाल," एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा खांदे. भागीरथी टीचरांची वही चेट्टियारच्या दुकानात पडली.

डोळे पुसून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "बाद."

"हो, सिस्टर."

"नियम तो नियम."

"हो, सिस्टर."

"तीनपर्यंत ह्याला इथून हलवू नकोस मात्र. झोपलेल्याला उठवू नये."

फाटक अकरावी अ-ला गेलं. पण बातमी हसण्याच्या वेगाने जाते. साडेअकराला आठवी क आली, रुमालवालं बाळ बघायला. मग दहावी, मग स्वयंपाकघरातल्या बाया, मग दुपारच्या डब्याआधी थेट अकरावी अ-च, आपला पहिला आलेला गोठा सोडून. प्रत्येक वेळी हरिता पहिल्यापासून सुरू करायची, आणि प्रत्येक वेळी गाव वाढायचं. चौथ्या वेळी बारावा गडी पेढे घेऊन परत आला. नवव्या वेळी राजाचा हत्ती अडाणी निघाला आणि बेथलेहेमऐवजी कुंभकोणमला जाऊन आला. आरोक्यमेरी दाराशी उभी राहून रांग लावत होती. "ढकलू नका," ती ओरडत होती, "बाळ झोपलंय, दोन्ही धर्मांत झोपलंय."

तीनला दहा मिनिटं असताना अंबुजा आत्या आली, चार जणींसह, आणि सांगितल्याप्रमाणे फाटकाशीच उभी राहिली. तिथे तिला दुसऱ्याच कोणाचा तरी गोठा दिसला. हरिता धावत गेली.

"आत्या, आम्ही बाद," ती म्हणाली. म्हणजे म्हणायला गेली. सतरा वेळा गाव वसवून तिचा घसा पार बसला होता. नुसते ओठ हलले.

आत्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "काय गं, पुन्हा पूर्वीसारखी झालीस?"

हरिताने जोरजोरात मान हलवली, नाही, नाही, आणि हसू आवरेना म्हणून आत्याच्या पदराला धरून तिला ओढतच वर्गात नेलं.

तीनला चॅपेलची घंटा झाली. फाटकावर अकरावी अ-च्या मुलीने बाळ ठेवलं, बस हळू झाली, सगळं झालं. आणि मग प्रत्येक वर्गात छोटी छोटी बाळं पोचली. नववी ब-चं बाळ आरोक्यमेरीने दप्तरातून काढलं. सकाळपासून ते तिच्या डब्याच्या कप्प्यात, टॉवेलात गुंडाळून, सुखरूप होतं.

हरिताने बाळकृष्णाला उचललं, रुमाल मात्र तिथेच राहू दिला. त्यावर येशूबाळ निजलं. थंडीचे दिवस.

"असंच उठवायचं नाही गं," आत्या म्हणाली. "पाहुण्याला सुंडल दिल्याशिवाय कोलू उठतो का?" तिच्या पिशवीत पितळी डबा होता, खोबरं घातलेल्या हरभऱ्यांचा. तो मेरीपुढे, योसेफपुढे ठेवून मग वर्गात फिरला. सिस्टरनी दोनदा घेतलं.

सुट्टी लागली. दप्तरं उचलून मुली बाहेर पडल्या तर सूचनाफलकापाशी गर्दी. नियम चारच्या खाली, सिस्टरांच्या गोल गोल अक्षरात, शाई अजून ओली:

नियम पाच. गव्हाणीत रुमाल टाकून जागा धरण्यास मनाई आहे.

"आपल्यामुळे," आरोक्यमेरी हळूच म्हणाली. "डी, आपल्या वर्गामुळे नियम झाला. अकरावी अ-मुळे झालाय कधी?"

नववी ब-ने फलकाभोवती दाटीवाटीने उभं राहून भागीरथी टीचरांना फोटो काढायला लावला. हरिता पहिल्या रांगेत, मधोमध, कडेवर बाळकृष्ण. टीचर म्हणाल्या, सगळ्यांनी मोठ्याने वर्गाचं नाव घ्या. सगळ्यांनी घेतलं. हरिताच्या घशातून फक्त हवा आली, पण फोटोत बघा, सगळ्यात मोठं उघडलेलं तोंड तिचंच आहे.