डागाचं माहेर

गिऱ्हाईक शाईचा, गंजाचा, तेलाचा, कसलाही डाग घेऊन येवो, मी कापड बघायच्या आधीच म्हणते, “निघेल.” गल्लीत माझं नावच निघेलबाई पडलंय. लोक हसतात आणि कपडे माझ्याकडेच टाकतात.

यात जादू काही नाही. निघणार नाही असं धरून बसलं की माणूस घासत सुटतो आणि कापड मरतं. निघेल असं धरलं की तो थांबतो, कापड उलटं करून मागून बघतो. डागाला आधी त्याचं माहेर विचारावं. ते कळलं की त्याची पाठवणी करणं फारसं अवघड नसतं.

हे मी समोरच्या मोठ्या लाँड्रीत शिकले. ती माझ्या नवऱ्याने आणि थोरल्या दिरांनी मिळून काढली होती. नवरा गेला आणि थोड्याच दिवसांत दिरांनी मला बाहेरची वाट दाखवली. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “हिच्याच्याने काही व्हायचं नाही.” मी मुद्दाम समोरचाच गाळा घेतला. रोज शटर उघडताना त्यांना माझं तोंड दिसावं म्हणून. ते बुडालेले मला बघायचे होते, खोटं कशाला बोलू?

परवा दुपारी ते मागच्या दाराने आले, काखेत गाठोडं. आत नाट्यगृहाचा पांढरा रेशमी झगा होता. शिवणारीच्या बोटाला सुई टोचून छातीवर रक्ताचे थेंब पडले होते, आणि भाऊजींनी घाईघाईत तो गरम पाण्यात घातला होता. गरम पाण्याने रक्त शिजून धाग्यात बसतं. हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

“बघ जरा,” ते म्हणाले. “शनिवारी पहिला प्रयोग आहे. नाट्यगृहाचं काम गेलं तर माझं दुकान बसलंच म्हणून समज.”

मी झगा उलटा केला. मागून रेशीम अजून मऊ होतं. डाग निघण्यासारखा होता, शब्द अगदी जिभेवर आला होता.

“नाही निघणार,” मी म्हणाले.

हे मी कधीच कुणाला म्हणाले नव्हते, म्हणून त्यांना लगेच पटलं. त्यांचा चेहरा उतरला आणि मला आतून गार वाटलं.

“मशीनमध्ये फाटला म्हणून सांगतो त्यांना,” ते म्हणाले. “तू याच्या चिंध्या कर. कुणाला दाखवू नकोस.”

मी मान डोलावली आणि ते गेल्यावर बादली भरली. थंड पाणी आणि मीठ, काही फरक नाही. साबण लावला तर डाग पिवळा पडून हसायला लागला. मनात राग होता, पण हात मी रागावू दिले नाहीत. निघेल, म्हटलं, माहेर तर माहीत आहे. रक्त जखमेतून आलं, मग औषधही जखमेचंच. जखम धुवायचं फेसाळ औषध पाण्यात पातळ करून थेंब थेंब सोडत बसले. फेस यायचा, टिपायचा, पुन्हा थेंब. संध्याकाळ होईतो छाती कोरी झाली.

सकाळी मी झगा माझ्या दर्शनी काचेत टांगला, तोंड बरोबर समोरच्या दुकानाकडे.

नाट्यगृहातल्या कपडेपटाच्या बाई भाऊजींशी भरपाईचं बोलायला आल्या होत्या. काचेपाशी थबकल्या आणि सरळ आत आल्या.

“हा आमचाच ना? हा तर फाटला होता.”

“फाटला कुठे?” मी म्हणाले. “डाग होता. गरम पाण्यात घातलेला. निघाला.”

त्यांनी वळून समोर पाहिलं. भाऊजी त्यांच्या पायरीवर उभे होते.

“आमचे बाकीचे कपडे तुमच्याकडे पाठवले तर चालतील?”

“पाठवा.”

त्या गेल्यावर भाऊजी रस्ता ओलांडून आले.

“तू तर निघणार नाही म्हणाली होतीस.”

“तुम्हीही म्हणाला होता, भाऊजी. माझ्याच्याने काही व्हायचं नाही म्हणून.”

आता तरी मला वाईट वाटेल म्हणून मी जराशी थांबले. नाही वाटलं. मग काचेतून झगा उतरवला आणि घडी घालायला घेतली.