न दिलेली दवा

मी बऱ्हाणपूरच्या एका कॉलेजातली, बोटाएवढी काचेची नळी बोलतेय. माझ्या पोटात जेलीच्या थरावर पांढरे जिवाणू वाढतात. ते कुंभारीण माशीच्या अंगावरून आलेत.

ती माशी घरट्यासकट उखर्डूदादांनी आणली. फोपनारला त्यांची केळीची बाग. "हिच्या मातीच्या घरात एवढी ओल, तरी अळीले बुरशी लागत नाही. काहून?" असं म्हणत त्यांनी घरटं लेकीच्या, रंजिताच्या ओंजळीत ठेवलं. रंजिता इथंच संशोधन करते. तिनं माशीवरचे जिवाणू वेगळे करून माझ्यात वाढवले, मग काचेच्या बशीत बुरशीशेजारी लावले. बुरशी जिवाणूंच्या अलीकडेच थबकली! ते कसलंसं द्रव्य सोडत होते. दादांनी बशी खिडकीशी धरली आणि कितीतरी वेळ खाली ठेवलीच नाही.

दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात दादा करोनातून उठले आणि त्यांच्या डोळ्यात काळी बुरशी शिरली. त्यावरचं इंजेक्शन मिळेना. रंजितानं इंदूरपर्यंत फोन लावले.

शेवटी तिची आई, मनकर्णाबाई, प्रयोगशाळेत आली.

"तूच म्हणे ना, यानं बुरशी मरते? मग दे न तुझ्या बापाले!"

"आई, ही दवा नाही अजून. जहर निघालं तर?"

"तो तसाबी मरूनच राह्यला!"

रंजितानं मला मुठीत घट्ट धरलं. दिलं नाही.

चौथ्या दिवशी दादा गेले.

वर्षानं तपासणीचा अहवाल आला. ते द्रव्य माणसाच्या रक्तपेशीही फोडतं. रंजितानं तो आईला वाचून दाखवला. मनकर्णाबाई म्हणाल्या, "त्याले एक डाव विचारायचं तरी होतं." तेव्हापासून मायलेकी कामापुरतं बोलतात. परवा रंजिता हे मैत्रिणीला सांगताना रडली, पण सगळं तिनं तिलाही सांगितलं नाही.

तिनं दादांना विचारलं होतं. आई येऊन गेली त्याच दुपारी मला पर्समध्ये घालून ती दवाखान्यात गेली. दादांनी मला चाचपलं. "जहर असू शकते का?"

"हो, बाबा."

"मग ठेव बेटा. मेलो तर मेलो. तुह्या हातून नको."

वाचायची शेवटची संधी त्यांनी स्वतःच नको म्हटली, हे आईला सोसणार नाही, म्हणून दोष रंजितानं आपल्याकडेच ठेवलाय.

मी आता फ्रिजमध्ये असते. मला तोंड आहे, जीभ नाही. तुमच्यापैकी कोणी फोपनारला गेलात, तर मनकर्णाबाईंना एवढं सांगा: तिनं विचारलं होतं.