बदकांच्या बेटाचा दोर

मी एक जुना तराफा आहे, मित्रांनो, पण तळ्यावरचे सगळे मला बेट म्हणतात. आज मी गोडगोड काही सांगणार नाही. माझं डोकं फिरलेलं आहे.

मला एका सुताराने बनवलं. रंगाची रिकामी पिंपं, मोडीत निघालेल्या दारांच्या फळ्या, वर गोणपाट, त्यावर माती आणि लव्हाळी. एका बाजूला त्याने पाण्यात उतरणारी फळी बसवली आणि तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकल्या. बदकाची पिल्लं अंड्यातून बाहेर आली की लगेच पोहायला निघतात, पण परत चढताना त्यांचे पाय घसरतात, म्हणून. त्या फळीचं कौतुक तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. मग दोराला मोठा धोंडा बांधून त्याने मला तळ्याच्या मधोमध सोडलं.

काठावरचं उंच गवत माणसांनी कधीच कापून टाकलं होतं. तिथे फरश्या आल्या, बाकं आली. रानबदकांनी अंडी घालायची कुठे, बाकाखाली? एक बदकीण तर दर वर्षी माझ्याकडेच यायची. छातीची मऊ पिसं उपटून घरट्यात अंथरायची. तिची ऊब लागली की पिंपांचा गारठा मी विसरून जायचो.

यंदा सुताराची बायको कंबरेने अधू झाली. काठावरच्या घरात खिडकीशी तिचा पलंग लावला. बदकं अगदी ठिपक्याएवढी दिसतात, एवढंच ती बोलून गेली. झालं! आमचे सुतारबुवा होडी घेऊन आले, धोंडा उचलला आणि मला ओढत खिडकीसमोर आणलं. बदकीण तेव्हा अंड्यांवर बसलेली होती. घाबरून उडाली, घिरट्या घातल्या, परत येऊन बसली. तिला कोणी विचारलं होतं का?

मग बघ्यांची रीघ लागली. पाव फेकणं सुरू झालं. एक बाप मुलीला म्हणाला, "बघ, कशी माणसाळलीये." माणसाळली कसली, कपाळ! अंडी सोडून जाता येत नव्हतं तिला.

पावाच्या वासाने कुत्रा आला. काठावरचे तुकडे संपले, तसा तो पाण्यातल्या तुकड्यांमागे पोहत निघाला. आणि माझ्यावर चढला कुठून? त्याच फळीवरून. पट्ट्या होत्या ना, पाय मुळीच घसरला नाही. बदकीण पंख आपटत राहिली. लोक मोबाइल धरून उभे राहिले. मी नुसता हललो. एकही अंडं उरलं नाही, आणि बदकीण उडून गेली.

सुताराच्या बायकोने सगळं पाहिलं, अगदी स्पष्ट. त्यासाठीच तर मला तिथे आणलं होतं.

सुतार कुत्र्याला शिव्या देऊ लागला, लोकांना देऊ लागला, जाळी ठोकतो म्हणाला. खिडकी उघडीच होती, मला सगळं ऐकू आलं.

"अहो, कुत्र्याला कशाला बोलता?" ती म्हणाली. "ताट आपण वाढून ठेवलं. बेटाला परत मधे नेऊन सोडा."

"मग तुला दिसणार नाही गं."

"नको दिसू दे. एवढं सोसेन मी."

त्याने मला परत मधे आणलं. मी त्याला माफ केलेलं नाही.

मित्रांनो, माया करायचीच असेल तर लांबून करा. पाव खिशात राहू द्या. आणि कोणी माझा दोर ओढायला निघालं, तर त्याचा हात धरा. बदकीण अजून परतलेली नाही. तिची पिसं मी लव्हाळ्यात धरून ठेवली आहेत.