खाडीपलीकडचं व्याख्यान

विश्राम गुप्ते मास्तर एकदा हो म्हणाले की हो, हे साऱ्या डोंबिवलीला ठाऊक होतं. एकोणीसशे चौपन्न सालची डोंबिवली ती केवढी! स्टेशनाभोवती चार आळ्या, थोड्या चाळी आणि बाकी सगळी भातशेती. एवढ्याशा गावात कुणाचा स्वभाव झाकून राहत नाही. मास्तरांचा तर नाहीच नाही.

वाचनाचं वेड नवराबायको दोघांनाही. मास्तरांच्या लाडक्या कादंबरीत एक वैद्य होता. प्लेगच्या साथीत सगळं गाव रानात पळतं, पण दिलेल्या शब्दापायी तो मागे राहतो आणि शेवटी त्यातच जातो. मास्तर ती दरवर्षी नव्यानं वाचत. वासंतीबाईंना ती मुळीच आवडत नसे. त्यांची आवडती कादंबरी निराळी. तिची नायिका नवऱ्याला एक वाक्य सांगायचं म्हणून साडेतीनशे पानं मनात घोळवते, ते सांगत नाही, आणि सगळा संसार डोळ्यांदेखत बुडतो.

"वैद्याचा शेवट लेखकानं नाही ठरवला, त्याच्या स्वभावानं ठरवला," मास्तर म्हणायचे. "पळाला असता तर तो वैद्य तो उरलाच नसता."

"स्वभाव म्हणजे काय काळ्या दगडावरची रेघ आहे?"

"मग तुझी ती बाई का नाही बोलली शेवटपर्यंत?"

 यावर वासंतीबाई उठून चहा टाकायच्या.

खाडीपलीकडच्या एका गावात तरुणांनी नवं वाचनालय काढलं होतं. त्यांनी मास्तरांना रविवारी सकाळी व्याख्यानाला बोलावलं, विषय 'माझी आवडती कादंबरी'. मास्तर अर्थातच हो म्हणाले. नारळी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, मोठागावच्या बंदरावरून होड्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. पण शनिवारी संध्याकाळी मनुबाई कोळीण मासळीची पाटी घेऊन दाराशी आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"वैनी, पानी लय ओढतंय," ती म्हणाली. "वरती घाटात पाऊस झालाय, नदीचा लोंढा आलाय. त्यात उधाणाचं दिस. आमचा मानूस उद्या नाव काढायचा नाय."

 मनुबाईचा नवरा धाकू त्या बंदरावर माणसं पार नेणारा जुना तरवाला, तोच नाही म्हणतोय. जेवताना त्यांनी दोनदा तोंड उघडलं. पण 'जाऊ नका' म्हटलं की मास्तर हटकून जाणार, हे त्यांना वर्षानुवर्षांच्या संसारानं शिकवलं होतं. त्यापेक्षा नाव नाही म्हटल्यावर मुकाट्यानं परत येतील, असा विचार करून त्या गप्प बसल्या. झोप कसली ती लागली नाहीच. पहाटे मास्तर कोट चढवून उंबऱ्यात उभे राहिले तेव्हा ते वाक्य अगदी जिभेवर आलं होतं.

"काय गं?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. छत्री घ्या."

मास्तर गेले. वासंतीबाईंनी चूल पेटवली, दूध तापवलं, ते उतू गेलं. नाव निघाली नसेल तर मास्तर एव्हाना परत यायला हवे होते. त्या गॅलरीत गेल्या, आत आल्या, पुन्हा गेल्या. शेजारच्या प्रमोदिनीताईंनी हटकलं तर 'येतील एवढ्यात' म्हणून त्या आत वळल्या. ऊन वर आलं. तेवढ्यात आळीच्या तोंडाशी मनुबाई धावत येताना दिसली. डोक्यावर पाटी नव्हती, पदर खांद्यावरून घसरलेला.

"तुमच्या मास्तरनी माजा कान्हा नेला!" ती खालूनच ओरडली.

कान्हा तिचा थोरला मुलगा. चैत्रात लग्न झालेलं. धाकूनं नाव काढायला साफ नकार दिल्यावर मास्तर बंदरावर उभेच राहिले. जागचे हलेनात. माणसं वाट बघत असतील, एवढंच म्हणत राहिले. शेवटी कान्हानं बापाची नजर चुकवून लहान होडी सोडली. पलीकडे पोचायच्या आत होडी ओढीला लागली आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली. हे किनाऱ्यावरच्या दोघातिघांनी पाहिलं होतं.

वासंतीबाईंनी चपलाही घातल्या नाहीत. शेताच्या बांधावरून त्या मनुबाईमागे चालत सुटल्या. वाटभर मनुबाई मास्तरांना शिव्या घालत होती, मध्येच रडत होती, आणि वासंतीबाईंना त्यातली एकही शिवी खोटी वाटत नव्हती. डोळ्यांपुढे सारखा कादंबरीतला तो वैद्य येत होता. त्याच्या शब्दापायी आणखी कोण कोण मेलं, हे लेखकानं लिहिलंच नव्हतं. मास्तरांनी कधी विचारलं नव्हतं, वासंतीबाईंनीही नाही.

बंदरावर धाकू मोठ्या होडीला टेकून बसला होता. शेजारी त्याचा भाऊ नामा उभा. खाडी गढूळ, तांबडी, झाडांच्या फांद्या वाहून नेत खाली ठाण्याच्या दिशेनं धावत होती. 

"अजून हितंच?" मनुबाई नवऱ्यावर तुटून पडली. "पोर गेला तिकरं, नि तू बसलास?"

"भरती लागू दे," धाकू तिच्याकडे न बघता म्हणाला. "आता खाली गेलो तर परत येता येनार नाय. ओहोटीचा जोर हाय."

"कधी लागेल भरती?" वासंतीबाईंनी विचारलं.

"लागंल. ऊन आनखी वर येऊ दे."

नामा हळूच त्यांच्या कानाशी म्हणाला, "वैनी, आमचा एक भाऊ याच पान्यात गेला. तवापासून तो असाच."

एरवी वासंतीबाई तिथेच थांबल्या असत्या. परक्या पुरुषाशी वाद घालायचा म्हणजे त्यांना ब्रह्मांड आठवे. पण उद्या आपण पांढऱ्या कपाळानं घरात बसलोय आणि ही मनुबाई समोर आलीय, तेव्हा आपण हिला काय सांगणार, असं काहीतरी त्यांच्या मनात चमकून गेलं. भरती लागेपर्यंत मी गप्प उभी होते, हे सांगणार?

"धाकूदादा," त्या म्हणाल्या. आवाज चिरका निघाला. "खाली जायला तर ओढ आपल्या बाजूचीच आहे ना?"

"जायला हाय. यायचं कसं?"

"यायचं मग बघू. भरती लागली की येऊ. पण आत्ता निघू या. मी बसते होडीत."

"तुमी?"

"हो, मी. मला पोहता येत नाही. तरी बसते."

धाकूनं पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं.  उठला आणि नामाला म्हणाला, "ढकल."

होडी बाणासारखी सुटली. मनुबाई पुढे, वासंतीबाई मध्ये, दोन्ही हातांनी कड घट्ट धरून. वळणापलीकडे तिवरांची दाट झाडी लागली. धाकू हाका मारत होता, "कान्हाऽ! कान्हा रेऽ!" आणि प्रत्येक हाकेनंतर पाण्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. एकदा पांढरं काही दिसलं. वासंतीबाई किंचाळल्या. तो बगळा निघाला.

मग पलीकडच्या झाडीतून कुणीतरी ओ दिली. बारीक, बसलेल्या आवाजात.

होडी तिवरात उलटी अडकली होती आणि तिच्या कडेखाली, चिखलात कान्हाचा पाय गुडघ्यापर्यंत सापडला होता. मास्तर छातीपर्यंत चिखलात उभे होते. कान्हाच्या काखेत हात घालून त्यांनी त्याला वर धरून ठेवलं होतं. चष्मा गेला होता. अंगातला कोट कान्हाच्या मानेखाली होता. ओठ निळे पडले होते.

धाकू आणि नामानं वल्ह्यांनी होडी उचकटली. पाय सुटला तेव्हा कान्हा गुरासारखा ओरडला. हाड मोडलं होतं. त्याला आत घेतात न घेतात तोच चिखलावर पाण्याची पहिली जीभ आली, बघता बघता खळगे भरले. भरती लागली होती. बंदरावर वाट बघत बसले असते तर हे पाणी त्यांच्याआधी इथे पोचलं असतं. धाकू त्या पाण्याकडे पाहत वल्हं मारायला लागला.

परतीच्या वाटेवर मनुबाईनं कान्हाचं डोकं मांडीवर घेतलं. मग एकदम वळून मास्तरांच्या छातीवर मूठ मारली. पुन्हा मारली. मास्तर हलले नाहीत.

"आये, नको," कान्हा म्हणाला. "झाडावर चढा, जीव वाचवा, म्हनून किती सांगितलं मी मास्तरना. सोडलं नाय मला."

"नेलं कोनी पन तुला?" मनुबाई म्हणाली, आणि तिची मूठ तशीच त्यांच्या छातीवर राहिली.

कल्याणच्या डॉक्टरांनी हाड बसवलं. ते नीट जुळून यायला दिवाळी उजाडली. तोवर मास्तर शाळा सुटली की रोज मोठागावला जात, कान्हापाशी ओट्यावर बसून राहत. मनुबाई पहिले पंधरा दिवस त्यांच्याशी अक्षर बोलली नाही. मग एकदा तिनं पुढ्यात चहा ठेवला.

त्याच सुमारास एका संध्याकाळी मास्तरांनी घरी विचारलं, "त्या पहाटे तू काहीतरी बोलणार होतीस."

"हो."

"अर्ध्या खाडीत मलाही बोलायचं होतं. परत फिरव म्हणून. कान्हा घाबरला होता, दिसत होतं मला. तोंडातून शब्द निघेना." मग ते म्हणाले, "तू बोलली असतीस, तर मी थांबलो असतो का गं?"

वासंतीबाईंनी खरंखुरं आठवून पाहिलं. "नसता थांबला."

"मग?"

"तरी बोलायला हवं होतं."

मास्तरांनी ती कादंबरी त्या वर्षी कपाटातून काढली नाही. त्यांनी ती टाकलीही नाही.

दिवाळीनंतर वाचनालयातली मुलं पुन्हा आली. व्याख्यान राहिलंच होतं. मास्तर हो म्हणाले. वासंतीबाई आतून ऐकत होत्या. हातातलं काम तसंच राहिलं. खाडी आता निवळशंख होती, ओढ नव्हती, तरीही. मुलं गेल्यावर त्या बाहेर आल्या.

"मीही येते."

"तू? होडीतून?"

"होडीतून. आणि मध्येच मला वाटलं की परत फिरावं, तर मी म्हणणार. सगळ्यांदेखत. तुम्हाला राग आला तरी."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. नवा चष्मा अजून नाकावर नीट बसत नव्हता.

"मला राग येईल," ते म्हणाले.

"येऊ दे."