कुटुंबातील सदस्य : चार

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरात टूथपेस्टवरून वाद झाला.

वाद म्हणजे नेहमीचाच. दुपारची जेवणं आटोपली होती. आई टेबलाशी बसली होती, मोबाइल पाण्याच्या जगला टेकवून उभा केलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बाबा सोफ्यावर आडवे झाले होते आणि मी भांडी पुसून ठेवत होते.

"दात घासल्यावर तुम्हाला कसं वाटतं?" आईने मोठ्याने वाचलं. "अतिशय आत्मविश्वासपूर्ण, बऱ्यापैकी आत्मविश्वासपूर्ण, की विशेष फरक वाटत नाही?"

"दात घासल्यासारखं वाटतं," बाबा म्हणाले.

"असा पर्याय नाहीये."

"मग लिही, निम्मे दात डॉक्टरने काढले, आत्मविश्वास त्यांच्याबरोबरच गेला."

"अहो, नीट सांगा ना. घरातल्या पुरुषाचं मत विचारलंय."

"घरातला पुरुष झोपलाय."

आईने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली बघून एका जागी बोट टेकवलं. "'सांगता येत नाही' टाकते," ती म्हणाली. बाबांच्या वतीने ती बहुतेक वेळा हेच टाकायची.

आईने सगळी नोकरी दोऱ्याच्या कारखान्यात केली. रिळं तपासायचं काम. दोरा कुठे जाड, कुठे बारीक, कुठे गाठ, हे बोटांनी बघायचं आणि जे असेल तेच लिहायचं. निवृत्त झाल्यावर कारखान्यातल्याच एका मैत्रिणीने तिला त्या वेबसाइटची गोडी लावली. कंपन्या प्रश्न विचारतात, आपण मतं द्यायची, मतांचे पॉइंट जमतात, पॉइंटांच्या बदल्यात वस्तू येतात. आमच्या घरात अशी एक किटली आली, एक घडीची छत्री आली, आणि बाबांनी ज्यावर कधीच पाय ठेवला नाही असा एक वजनकाटा आला. "या घरात हिची मतं ऐकायला आम्ही दोघंच," बाबा आल्यागेल्याला सांगत, "आमचे कान भरले, म्हणून तिने कंपन्या गाठल्या."

या उद्योगातली ग्यानबाची मेख सुरुवातीच्या दोन-चार प्रश्नांत असते. तुमच्याकडे गाडी आहे का, घरात प्राणी आहे का, लहान मूल आहे का. 'नाही, नाही, नाही' म्हटलं की लगेच उत्तर येतं : क्षमस्व, आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही. म्हणून मुरलेली माणसं बेधडक 'हो' म्हणतात. आईच्या त्या मैत्रिणीकडे वेबसाइटवर दोन गाड्या, एक कुत्रा आणि बहुतेक सगळे आजार होते.

"अगं, तू निदान एक मांजर तरी पाळ," ती आईला म्हणायची. "दूध घालायचं नाही, काही नाही. बसल्या जागी पॉइंट."

"नसलेलं मांजर लिहू? आणि उद्या विचारलं, काय खातं, कुठे झोपतं, तर?"

"तर ठोकून दे काहीतरी!"

"मला नाही जमत बाई." आईला खरंच जमत नसे. ती दिवसातून कितीदा तरी अपात्र ठरायची आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नसे.

त्या दुपारी टूथपेस्टचं संपवून ती माझ्याकडे वळली. "तू शेवटची नवीन चप्पल कधी घेतलीस?"

"तुला कशाला?"

"मला नाही, त्यांना."

आम्ही दोघी हसलो. एवढंच. दिवसात आणखी काही घडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेली. मी आतून ऐकलं ते चिमट्यांची टोपली पडल्याचं. "काय पाडलंस गं?" असं मी ओरडलेसुद्धा. उत्तर आलं नाही म्हणून गेले. चिमटे सगळीकडे पसरले होते आणि आई त्यांच्यात एका कुशीवर पडलेली होती, बाबांचा शर्ट हातात तसाच. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले. अ‍ॅम्ब्युलन्समध्येच सगळं संपलं होतं. आम्ही घरी आलो तेव्हा राहिलेले कपडे दोरीवरच होते. ते काढायचं माझ्याने झालं नाही. शेजारच्या काकूंनी काढले, घड्या घातल्या, आईच्या कपड्यांचा गठ्ठा कुठे ठेवायचा ते न कळून त्या तो हातात घेऊन उभ्या राहिल्या.

माणसं आली, बसली, गेली. आईचा फोन मात्र बोलायचा थांबला नाही. त्याला काही कळलेलंच नव्हतं. 'तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.' 'बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत! आजच परत या, दुप्पट पॉइंट मिळवा.' बाबा तो रोज चार्जिंगला लावत. एकदा तो वाजला तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला.

"बंद करून टाक गं ते," ते म्हणाले. "मला ऐकवत नाही."

मी बंद करणारच होते. त्याच दुपारी खोका आला.

आईच्या नावावर, आमच्याच घराच्या पत्त्यावर. मला वाटलं, तिने मागवलेली एखादी वस्तू उशिरा आली असेल. टेबलावर ठेवून मी सुरीने चिकटपट्टी कापली. वरच रंगीत कार्ड होतं : 'अभिनंदन! तुमची पिटुकली आता शाळेत निघाली!'

खाली लहान मुलाचा जेवणाचा डबा होता. खडूंची पेटी. वहीवर चिकटवायची लेबलं, प्रत्येकावर छापलेलं : पिटुकली. आणि शाम्पूची एक छोटी बाटली, तिच्यावर लिहिलेलं, 'नाजूक त्वचा आणि कुरळ्या केसांसाठी'.

आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचा खोका आहे. मी पत्ता पुन्हा वाचला. मग तो शब्द मला लागला, कुणी मागून येऊन पाठीत गुद्दा घालावा तसा.

मला दिवस राहिले होते तेव्हा आई फोनवर पहिल्यांदा माझी चौकशी करायचीच नाही. "पिटुकलं काय म्हणतंय?" असं विचारायची. सातव्या महिन्यात एका संध्याकाळी पिटुकलं हलेनासं झालं. मला भूल देऊन शस्त्रक्रिया केली. जाग आली तेव्हा मोठ्यांनी सगळं उरकलेलं होतं. मुलगी होती, एवढंच मला सांगण्यात आलं. पुढे नवरा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला आणि हळूहळू गेलाच. मी इथे आईबाबांकडे परत आले. त्या दिवसाविषयी या घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. तो शब्दसुद्धा घरातून गेला. मी समजत होते की आईने ते दार कायमचं लावून घेतलंय.

आता ती शाळेत जाण्याच्या वयाची असती. त्यासाठी मला बोटं मोजावी लागली नाहीत.

बाबा आतून आले. त्यांनी डबा उचलला, लेबलं वाचली, आणि डबा गरम असावा तसा पटकन खाली ठेवला.

"हे काय आहे, बाबा?"

"असे खोके यायचे अधूनमधून," ते सावकाश म्हणाले. "ती म्हणायची, सॅम्पलं आहेत. खालच्या पाळणाघरात देऊन यायची. मी कधी उघडून नाही बघितलं गं. आईशप्पथ, नाही बघितलं."

मी खुर्चीत बसले. जिला खोटं मांजर जमलं नाही, तिने खोटी नात पाळली होती? माझ्या मुलीवर पॉइंट कमावले होते? टेबलावर आईची किटली होती आणि मला तिच्याकडे बघवेना. आई नाही हे एवढ्या दिवसांत कसंबसं गळ्याखाली उतरत होतं, हे उतरेना. ती असती तर मी विचारलं असतं. नाही म्हणून मी कार्डावर छापलेला नंबर लावला आणि बाबांनाही ऐकू जावं म्हणून फोन स्पीकरवर ठेवला.

बराच वेळ संगीत वाजलं. मग एका तरुण मुलीचा आवाज आला. मी तिला सांगितलं, खातं माझ्या आईचं आहे, आई वारली, खातं बंद करायचंय.

"सॉरी मॅडम," ती म्हणाली. "मी खातं उघडते हं. कुटुंबातील सदस्य चार, बरोबर?"

"तीन."

"इथे चार दिसतायत. त्या स्वतः, पती, मुलगी आणि नात."

"नात कधी लिहिली?"

"थांबा हं. आधी 'बाळ अपेक्षित' अशी नोंद आहे. अशी नोंद असली की आमच्याकडून नंतर आपोआप प्रश्न जातो, बाळाचा जन्म झाला का? त्यावर मॅडमनी 'हो' केलंय. मुलगी. आणि तारीख..."

तिने तारीख सांगितली. डॉक्टरांनी बाळंतपणासाठी दिलेली तारीख ती नव्हती. ती होती त्या संध्याकाळची.

बाबांनी भिंतीला हात टेकला.

जन्म झाला का? झाला होता. मुलगा की मुलगी? मुलगी. कधी? त्या दिवशी. आईने जे असेल तेच लिहिलं होतं. पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता.

"तिच्यावर पॉइंट किती मिळाले?" माझा आवाज मलाच परका वाटला.

"मुलांच्या विभागाचे वेगळे जमतात, मॅडम. पण त्यांनी ते एकदाही वापरले नाहीयेत. सगळे तसेच पडून आहेत. खोके आमच्याकडून वयाप्रमाणे आपोआप जातात." ती जरा घुटमळली. "मॅडम, मुलीचं खातं तुमच्या नावावर चालू ठेवायचंय का?"

"ती नाहीये," मी म्हणाले. "जन्मली तेव्हाच नव्हती."

मग तिने घसा साफ केला. "मग नोंद काढावी लागेल. काढताना कारण द्यावं लागतं. मी 'चुकून झालेली नोंद' टाकू का? ते सोपं पडतं. बाकीच्यांना कागदपत्रं लागतात."

"नाही. चुकून नाही." आणि मग मी विचारलं, "खातं बंद केल्यावर हे सगळं जातं?"

"हो मॅडम. सगळं पुसलं जातं."

"तिच्याबद्दल आणखी काय लिहिलंय ते आधी वाचून दाखवाल?"

"तशी परवानगी नसते आम्हाला." तिने आवाज खाली आणला. "पण बंद करण्याआधी माहितीची खात्री करून घ्यावी लागते. मी एकेक विचारते. तुम्ही नुसतं हो किंवा नाही म्हणा. चालेल?"

"चालेल."

"नाव, पिटुकली. जन्माच्या वेळचं वजन, कमी. बरोबर?"

"हो."

"त्वचा, नाजूक?"

"असेल."

"केस दाट. कुरळे. बरोबर?"

मी शाम्पूच्या बाटलीकडे पाहिलं. आमच्या घरात कुणाचेच केस कुरळे नाहीत. माझे, आईचे, बाबांचे सुतासारखे सरळ. नवऱ्याचेही तसेच. हे कुणी अंदाजाने लिहिणार नाही. आई तर नाहीच नाही.

"बाबा," मी म्हणाले, "तिचे केस कुरळे होते?"

"मला काय माहीत, बाळा? मी बाहेर होतो." त्यांचे ओठ हलत होते आणि शब्द मागून येत होते. "आत तुझी आई गेली होती. एकटीच. नर्सने दोनदा बोलावलं तरी बाहेर येईना."

"तिने तिला घेतलं होतं?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. "बाहेर आली आणि मला म्हणाली, पोरीला काही दाखवायचं नाही, काही सांगायचं नाही. झेपायचं नाही तिला. मी म्हटलं, तू म्हणशील तसं. आम्ही दोघंही त्यावर कधी बोललो नाही गं."

"मॅडम, आहात ना?"

"आहे. पुढे विचारा."

"पुढे मग... झोप कशी आहे, सांगता येत नाही. आवडता खाऊ, सांगता येत नाही. आवडता रंग, सांगता येत नाही." तिने वाचायचा वेग कमी केला. "घाबरते कशाला, सांगता येत नाही. मॅडम, इथून सगळं तसंच आहे. दर वर्षी आलेले प्रश्न आहेत, आणि प्रत्येकाचं उत्तर त्यांनी दिलंय. एकही सोडलेला नाही."

"आणखी काही?"

"नाही मॅडम. एवढंच."

बाबा माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी माझा हात धरला नाही, नुसता आपला हात टेबलावर माझ्या हाताजवळ ठेवला. इतकी वर्षं मी मानत आले होते की माझ्या मुलीला कुणी पाहिलंच नाही. आणि आई तिचे केस पाहून आली होती, रोज माझ्यासमोर बसून कंपन्यांना मतं देत होती, आणि मला तेवढं सांगणं तिच्याने झालं नव्हतं. माझ्यानेही विचारणं झालं नव्हतं.

"मग कारण काय टाकू, मॅडम?" त्या मुलीने हळूच विचारलं.

मी तिला उत्तर देणार होते. तोंड उघडलं तेव्हा निघालं ते दुसरंच, आणि ते तिच्यासाठी नव्हतं, बाबांसाठीही नव्हतं.

"आई," मी मोठ्याने म्हणाले, "मला बघायचं होतं तिला."