आमच्या वाडीतलं गुरुत्वाकर्षण

पुस्तकात गुरुत्वीय त्वरण नऊ पूर्णांक आठ दिलंय. आमच्या मेंढरांच्या शेडात ते आठ पूर्णांक एक भरलं.

एकदा नाही, तीनदा. सोमवारी आठ पूर्णांक एक, मंगळवारी आठ पूर्णांक एक, बुधवारी परत तेच. चूक म्हणावी तर ती रोज ठरल्या ठिकाणी, ठरल्या मापाची कशी यायची? माझ्या चुका एवढ्या शिस्तीच्या नसतात.

मी शुभांगी, वय शेहेचाळीस. बारावी सायन्सचा निकाल लागला त्याच आठवड्यात माझी सुपारी फुटली, आणि पेढे दोन्हीचे मिळून एकदाच वाटले. चोवीस वर्षांनी, पोरं मार्गी लागल्यावर, घरी बसून बी.एस्सी. करायला नाव घातलं. पौडात अभ्यासकेंद्र आहे, शनिवार-रविवार तास असतात. बाकीचे विषय सुटत गेले, पहिल्या वर्षाचं भौतिकशास्त्र तेवढं राहत गेलं. एकदा सासऱ्यांचं आजारपण आलं, एकदा घरावर पत्रा टाकायचा निघाला, आणि एकदा नुसतं माझं डोकं आडवं आलं. आता नोंदणीची मुदत याच वर्षी संपत होती. यंदा पेपर दिला नाही तर पहिल्यापासून सगळं परत. पेपरला बसायचं तर प्रयोगवहीवर सही पाहिजे, आणि सहीचा शेवटचा दिवस शनिवार.

सही मेधा मॅडमची. मॅडम सूसहून स्कूटीवर येतात, वय माझ्या थोरलीएवढं, आणि आकडे ढापलेले त्यांना वासानं कळतात. वर्गातल्या बाकी अकराजणांनी लंबकाचा प्रयोग न करताच नऊ पूर्णांक आठ लिहून आणलं होतं. त्या सगळ्यांना मॅडमनी पुन्हा करायला लावलं. माझी वही बघून मात्र म्हणाल्या, "ताई, तुम्ही एकट्यांनी खरा प्रयोग केलाय हे दिसतंय. पण चूक सतरा टक्के येतेय. पाच टक्क्यांच्या आत आणा, मग सही."

म्हणजे खोटं लिहिणारेही नापास आणि खरं लिहिणारीही नापास.

प्रयोग तसा बाळबोध आहे. शेडाच्या आडव्या पाइपाला मीटरभर सुतळी बांधायची, खाली तराजूचं अर्ध्या किलोचं वजन. थोडं ओढून सोडायचं. जाऊन परत आलं की एक झोका. वीस झोक्यांना किती सेकंद लागले ते बघायचं, त्यावरून एका झोक्याचा वेळ काढायचा, तो सूत्रात घालायचा. बस.

मी मोबाइलचं घड्याळ धरायची आणि झोके मोजायच्या आमच्या आत्याबाई. आत्याबाई म्हणजे सासूबाई, कोंडाबाई. मला चष्म्यातून एक तर घड्याळ दिसतं, नाहीतर वजन. आणि मोजायला आत्याबाईंसारखं माणूस पंचक्रोशीत नाही. संध्याकाळी फाटकातून मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढत आत येतात, म्हातारी नुसते ओठ हलवत उभी असते, आणि शेवटचं आत गेलं की म्हणते, "दोन इसा. आली समदी." दोन इसा म्हणजे दोन विसा, चाळीस. मोठ्यानं मोजत नाही. मोठ्यानं मोजलं की दिठ लागते. झोकेही त्या तसेच मोजायच्या, ओठांतल्या ओठांत, आणि एकदम ओरडायच्या, "इस झालं! बंद कर तुजं मशीन!"

मशीन दर वेळी चव्वेचाळीस सेकंद दाखवायचं.

आत्याबाईंना माझ्या अभ्यासाचं वावडं नव्हतं. संध्याकाळी त्या लोकर कातायला बसल्या की मी गणितं मोठ्यानं वाचायची. उतारावरून ठोकळा घसरतो म्हटलं की त्या विचारणार, "कुणाचा?"

"कुणाचा नाही आत्याबाई. नुसता ठोकळा."

"बिनधन्याचा ठोकळा उतारावर ठिवला कुणी? खाली कुणाचं लेकरू खेळत आसंल तर?"

उष्णतेच्या गणितावरून तर दोन दिवस आमचं भांडण चाललं होतं. घोंगडीत स्वतःची ऊब असते, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, घोंगडी नुसती अडवते, आतलं आत ठेवते, बाहेरचं बाहेर. त्यांना पटेना. शेवटी पौडाहून बर्फाचे दोन तुकडे आणले. एक ताटलीत ठेवला, एक घोंगडीत गुंडाळला. घोंगडीतला आधी वितळणार, यावर त्यांनी सगळी वाडी गोळा केली. ताटलीतला पाणी होऊन गेला, घोंगडीतला तसाच. आत्याबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्यो बर्फ लबाड हाय."

पुंजवादाचं गणित आमच्या ह्यांना पटकन समजलं. हे म्हणजे धनाजी, हिंजवडीला कंपनीची बस चालवतात. मी वाचलं, धातूवर तांबडा उजेड कितीही ओता, एक इलेक्ट्रॉन बाहेर येत नाही. निळ्या उजेडाचा एक कण पुरतो. हे चहा पिता पिता म्हणाले, "आपल्या दाखल्याचं आसंच झालं की. मी अकरा वेळा गेलो, कागद हलंना. हैबतरावांनी एक फोन लावला, दाखला बाहेर."

मी ते उदाहरण जसंच्या तसं गृहपाठात लिहिलं. मेधा मॅडमनी समासात शेरा दिला, "उदाहरण समर्पक. कचेरीचे नाव खोडावे." खोडलं. आमचा अजून एक अर्ज आत आहे.

तर सांगायचं म्हणजे, घरात भौतिकशास्त्र सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. फक्त लंबक तेवढा ऐकत नव्हता. सुतळी बदलली, टेप दुसरा आणला, पंख्याचा वारा नको म्हणून शेजारणीच्या पंख्याचं बटणसुद्धा बंद करून आले. आठ पूर्णांक एक.

"लिही की नऊ पूर्णांक आठ," हे म्हणाले. "पृथ्वी काय तक्रार करायला येतीय व्हय?"

रात्रभर नाही म्हणवत, पण स्वयंपाक होईस्तोवर तरी मी तो विचार केला. पेन उघडलंही. मग वाटलं, चोवीस वर्षं थांबून शेवटी दुसऱ्याचं उत्तर उतरवून काढायचं, तर तेव्हाच नसतं का उतरवलं? पेन मिटलं.

गुरुवारी हैबतराव आले. हैबतराव म्हणजे आमच्या खालच्या अंगाचे जमीनदार. निम्मी जमीन विकून झाली आहे, उरलेल्या निम्मीचे प्लॉट पाडणं चालू आहे. वाडीत बातमी फिरली होती की शुभांगीच्या शेडात गुरुत्वाकर्षण कमी भरतंय.

"वहिनी, खरं का हे?"

"आकडा तसा येतोय."

"म्हणजे माणसाचं वजन हितं कमी भरंल?"

"खरंच कमी असलं, तर भरेल."

हैबतराव खुर्चीत पुढं सरकले. "गुडघ्यांवर ताण कमी?"

"अहो, पण कुठंतरी चूक असणार..."

"चुकीचं मला सांगू नका. पुण्याची रिटायर माणसं गुडघ्यांनीच बेजार हायेत. मी बोर्डावर टाकतो. डोंगरदृश्य, बोअरचं पाणी, गुरुत्वाकर्षण कमी. खाली तुमची सही, शास्त्रज्ञ म्हणून."

"मला अजून वहीवरच सही मिळाली नाही."

"मग घाई करा," म्हणाले, आणि बोर्डाचं माप घ्यायला गेले.

शुक्रवारी सकाळी जनावरांच्या दवाखान्यातला कैलास आला. मेंढरांच्या कानात पिवळे नंबरचे बिल्ले मारायचे होते. आदल्या आठवड्यात तो आत्याबाईंना विचारून गेला होता, मेंढरं किती म्हणून. त्या म्हणाल्या होत्या, दोन इसा. तेवढे चाळीस बिल्ले मोजून पिशवीत घालून आला बिचारा. मी मेंढरू धरत होते, तो बिल्ला दाबत होता. दोन तास गेले. पिशवी रिकामी झाली आणि कोपऱ्यात चार मेंढरं बिनबिल्ल्याची, आमच्याकडं बघत उभी.

"आजी," कैलास घाम पुसत म्हणाला, "तुम्ही चाळीस म्हणाला होतात."

"हायेतच चाळीस."

"मग ही चार?"

"ती बिरोबाची."

"बिरोबाची म्हणजे? तुमचीच ना?"

"माजीच. पर मोजायची न्हाईत. आदी एक देवाचं सोडायचं, मंग धा मोजायची, परत एक देवाचं, परत धा. माज्या सासूनं आसंच मोजलं, तिच्या सासूनं आसंच."

"आहो आजी, बिल्ला देवाच्या मेंढराला पण लागतो! आता मी परत येऊ का चार बिल्ल्यांसाठी?"

"ये की. च्या पिऊन जाशील."

मी मेंढराचा कान धरला होता तो तसाच राहिला. मेंढरू ओरडलं तेव्हा सोडलं. अठ्ठावीस वर्षं मी या घरात 'दोन इसा, तीन इसा' ऐकत आले, आणि फाटकापाशी उभं राहून स्वतः मोजून बघावं असं एकदाही मनात आलं नव्हतं. आमच्यात मेंढरं किती असं कुणी कुणाला विचारत नाही.

"आत्याबाई," मी हळूच म्हटलं, "आणि झोके?"

"झोक्याचं काय?"

"झोके मोजताना पण... देवाचा सोडता?"

म्हातारीनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी विचारलं होतं की भाकरीला पीठ लागतं का. "मोजायचं म्हणलं की सोडायचंच की. झोका आसला म्हून काय झालं?"

चव्वेचाळीस सेकंदांत वीस नाही, बावीस झोके. मी शेणाच्या हातानं मोबाइलवर भागाकार केला. नऊ पूर्णांक आठ.

शनिवारी पहिल्या गाडीनं पौड गाठलं. मेधा मॅडमनी नवं पान बघितलं, मग जुनं, मग माझ्या तोंडाकडं. त्यांचा चेहरा पडला.

"मागच्या रविवारी आठ पूर्णांक एक, आज एकदम नऊ पूर्णांक आठ. सेकंद तेच, झोके तेवढे वीसचे बावीस." त्यांनी वही मिटली. "ताई, तुम्ही पण?"

त्या तीन शब्दांनी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं लिहिलं असतं तर निदान नीट सजवून लिहिलं असतं. खरं होतं म्हणूनच इतकं उघडंवाघडं दिसत होतं. मी बिरोबाचं सांगायला लागले, आणि माझं मलाच ऐकू येत होतं की हे किती बनावट वाटतंय.

"मॅडम, दुपारपर्यंत वेळ द्या. मी साक्षीदार आणते."

ह्यांना फोन केला. हे मोटरसायकलवर आत्याबाईंना घेऊन आले. आत्याबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या, त्यांना वाटलं माझा सत्कार आहे. वर्गातल्या पंख्याच्या हुकाला लंबक टांगला. अकरा विद्यार्थी बाकांवर चढून बघायला लागले.

मॅडम म्हणाल्या, "आजी, तीस झोके झाले की सांगा. मीही मोजते, माझं माझं."

वजन सोडलं. आत्याबाईंचे ओठ हलत होते, मॅडमची बोटं हलत होती. माझं काळीज त्या वजनाबरोबर इकडून तिकडं जात होतं.

"तीस झालं!" आत्याबाई ओरडल्या.

मॅडमनी स्वतःच्या बोटांकडं बघितलं. "माझे तेहेतीस," त्या म्हणाल्या.

मग पुन्हा केलं. पुन्हा तीसला तेहेतीस. मॅडम खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"पण आजी, झोका सोडून देवाला काय मिळतं हो?"

"मेंढरू सोडून तरी काय मिळतंय? ते माज्याच कळपात चरतंय. समदं मोजून आपलंच हाय म्हणू नये, येवढंच. बाई, तू लई बारीक मोजतीस. तुला मेंढरं चांगली राखता येतील."

मॅडमनी वही पुढं ओढली. 'चुकीची कारणे' या रकान्यात मी लिहिलं होतं, 'मोजणाऱ्याने दर दहा झोक्यांमागे एक देवासाठी सोडला.' त्यांनी तांबड्या शाईनं खाली लिहिलं, 'पद्धतशीर त्रुटी. कारण समाधानकारक.' आणि सही केली. आत्याबाईंनी सही उलटसुलट बघितली आणि विचारलं, "हार कुटंय?"

हैबतरावांचा बोर्ड तोवर रंगून झाला होता. त्यांनी गुरुत्वाकर्षणावर पांढरा पट्टा मारला. डोंगरदृश्य आणि पाणी तसंच ठेवलं.

परीक्षा झाली. ठोकळा घसरला, तापलेलं लोखंड पाण्यात पडलं, इलेक्ट्रॉन बाहेर आला. दोन महिन्यांनी निकाल लागला. पास व्हायला चाळीस लागत होते, मला पंचावन्न मिळाले. मी आत्याबाईंना मोबाइलवर आकडा दाखवला. त्यांना वाचता येत नाही, पण त्यांनी बराच वेळ त्याच्याकडं बघितलं, मग मोबाइल माझ्या कपाळाला लावला आणि पेढे घेऊन बाहेर पडल्या.

मी त्यांच्या मागं मागं गेले. पाराजवळ हैबतराव उभे होते.

"सून पास झाली," आत्याबाई त्यांच्या हातावर पेढा ठेवत म्हणाल्या. "पन्नास मार्क!"

हैबतरावांनी पेढा तोंडात टाकला आणि माझ्याकडं वळून विचारलं, "पन्नासच?"

आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. ओठ बारीक हलत होते.

"पन्नासच," मी म्हटलं.